माझ्या वर्गात मारणारी मी एकटी

"हात पुढं." एवढे दोनच शब्द म्हणून भूमितीच्या बाई लाकडी पट्टी उभी धरायच्या. आडवी नाही, उभी; म्हणजे तिची धार बरोबर बोटांच्या सांध्यांवर बसे. रेघ वाकडी आली तर एक फटका, कोन चुकला तर दोन, आणि त्रिकोणाच्या बाजू एकमेकींना भेटल्याच नाहीत तर तीन. चौकोन चुकवण्याची हिंमत औरंगाबादेतल्या मुलींमध्ये त्या काळी तरी नव्हती.

अशा बाई तुम्हीही पाहिल्या असतील. नसतील तर नशीबवान आहात. मी त्याच मुलींच्या शाळेत शिवण शिकवायचे. आमच्या दोघींच्या वर्गांमध्ये फक्त एक लाकडी पडदी होती, आणि पलीकडे फटका बसला की माझ्या मुलींचा टाका चुकायचा. मला बाई आवडत नव्हत्या, हे आधीच सांगून टाकते.

पोलीस ॲक्शन होऊन काही वर्षे झाली होती. शाळेतली उर्दू जाऊन मराठी आली, पुस्तके बदलली, बाई मात्र त्याच राहिल्या. त्या बालविधवा. वडील निजामाच्या तहसील कचेरीत कारकून होते, त्यांनी लोकांची बोलणी खाऊन मुलीला शिकवले. शिकल्या त्या उर्दूत. त्यामुळे कोनाला त्या आधी झाविया म्हणायच्या आणि मग जीभ चावून कोन. फळ्यावर वर्तुळ काढायच्या मोठ्या लाकडी कर्कटकाला तर शेवटपर्यंत परकारच म्हणाल्या. आणि रेघ काढायच्या ती उजवीकडून डावीकडे, उर्दू लिहितात तशी. पट्टी न लावता, फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, ताणलेल्या दोरीसारखी सरळ.

नवे तपासनीस आले, त्यांना हे खटकले. "बाई, आता मराठीत शिकवता ना? मग रेघही डावीकडून काढत जा." बाईंनी मान डोलावली. तेव्हापासून खडू हातात घेतला की त्या आधी फळ्याच्या उजव्या टोकाला जायच्या, थांबायच्या आणि मग डाव्या टोकाला येऊन रेघ सुरू करायच्या. त्या दिवसांत मार वाढला. तपासनिसांवरचा राग मुलींच्या बोटांवर निघत होता, दुसरे काय.

एकदा मधल्या सुट्टीत मी चिडून म्हटले, "अहो, केवढ्याशा पोरी त्या. जरा कमी मारा की."

"कमीच मारते. मोजून मारते." त्या भाकरी मोडत होत्या. मोडता मोडताच म्हणाल्या, "आमच्या गावात रझाकार आले, तवा माझ्या भावाला दारात कापलं. मग फौज आली, रझाकार पळाले, आन् आमच्याच आळीतल्या लोकांनी शेजारच्या मुसलमान रंगाऱ्याला कापलं. त्याच दारापुढं. मला अलिफ-बे त्यानं शिकवलं होतं. मी दोन्ही वेळेला तिथंच उभी. मोजत कुणीच नव्हतं."

मग त्यांनी डबा धुतला आणि तासाला गेल्या. त्या दिवशी मुलींची बोटे वाचली, असे काही झाले नाही.

सातवीत शेवंता नावाची मुलगी होती. बिडकीनकडच्या एका बागायतदाराची लेक, शहरात मामाकडे राहून शिकत होती. बाईंचा सर्वांत जास्त मार तिनेच खाल्ला होता आणि वर्गातली सर्वांत सरळ रेघही तिचीच. सातवीची परीक्षा पास झाली की ती शिक्षिकेच्या ट्रेनिंगला जाणार, असे तिने आणि बाईंनी परस्पर ठरवून टाकले होते.

परीक्षेला थोडे महिने राहिले असताना एका दुपारी तिचा बाप थेट वर्गात आला. लग्न जमले होते, तो पोरीला न्यायला आला होता. "परीक्षा तेवढी होऊ द्या," बाई म्हणाल्या. त्याने तिकडे लक्षच दिले नाही. शेवंता जागची उठेना, तेव्हा त्याने तिची वेणी धरली आणि बाकांमधून तिला ओढत काढले. मी पडदीच्या दारात येऊन उभी राहिले होते. पोरीचे कपाळ बाकाच्या कोपऱ्यावर आपटले, वर त्याने तिच्या थोबाडीत दिली.

बाई त्याच्या वाटेत उभ्या राहिल्या. "सोडा तिला. माझ्या वर्गात मारणारी मी एकटी."

"पोरगी माझी हाय, बाई. तुम्ही मधी पडू नका."

बाईंनी परकार उचलले आणि त्याच्या खांद्यावर घातले. लोखंडी टोक सदऱ्यातून आत गेले आणि पांढऱ्या सदऱ्यावर रक्त पसरले. मुली किंचाळल्या. त्याने परकार हिसकावून घेतले आणि सगळ्या ताकदीने बाईंच्या उजव्या मनगटावर हाणले. परकाराचा एक पाय फुटला, मनगटही फुटले. त्या दोन आवाजांतला कुठला कशाचा, हे मी आजही सांगू शकते.

शिपायाने आणि रस्त्यावरच्या टांगेवाल्यांनी मिळून त्याला धरले. मुख्याध्यापिकांच्या खोलीत हवालदार फिर्याद लिहायला बसला. बाईंचा हात मी माझ्या वर्गातल्या मांजरपाटात गुंडाळला होता. त्या घामाने भिजल्या होत्या, पण शेवंताच्या बापाशी बोलताना आवाज वर्गात असायचा तसाच.

"पाटील, मी फिर्याद देत नाय. पोरगी परीक्षेपर्यंत माझ्यापुढं बसंल. पुढं तुमची मर्जी."

"आन् नाय बसली तर?"

"तर लिहू द्या हवालदारांना."

"तुम्हीबी मला मारलंय."

"व्हय. तेबी लिहू द्या. दोघं जाऊ."

त्याने खांदा दाबून धरला. मग हो म्हणाला. बाईंनी तेव्हा पहिल्यांदा डोळे मिटले.

हाडवैद्याने कांब्या बांधल्या, पण मनगट पुन्हा फिरले नाही. बाई वर्गात परतल्या त्या दिवशी आकृत्या काढून द्यायला म्हणून मुख्याध्यापिकांनी मला त्यांच्याबरोबर पाठवले होते. "तुमची रेघ कापडावर शोभती," असे म्हणून त्यांनी मला मागच्या बाकावर बसवले आणि डाव्या हाताने खडू घेतला. डावीकडून सुरू केलेली रेघ निम्म्यातच खाली घसरली. कुणी हसले नाही.

बाईंनी रेघेकडे पाहिले. पट्टी शेवंताच्या हातात दिली आणि आपला चांगला हात तिच्यासमोर धरला. "वाकडी आहे. मार."

"नाय, बाई."

"नियम सगळ्यांना एकच. मार."

शेवंता उठली. तिने पट्टी उभी धरली आणि खरेच मारली, शिकवली होती तशी, धारेने. बाईंचे ओठ पांढरे पडले. मला उठून त्या पोरीला जवळ घ्यावेसे वाटले. आणि बाईंनाही जवळ घ्यावे असे मला वाटले, हे तर अगदीच नवीन होते.

शेवंता रडत होती. "बाई, तिकडून वढा न. पहिल्यासारखी."

बाई फळ्याच्या उजव्या टोकाला गेल्या. या वेळी थांबल्या नाहीत. खडू टेकवला आणि डाव्या हाताने डावीकडे ओढत नेला. रेघ सरळ आली.

त्यानंतर मार थांबला, असे सांगायला मला आवडले असते. थांबला नाही. डाव्या हाताचा जास्तच लागतो, असे मुली म्हणायच्या.

शेवंता परीक्षा पास झाली आणि त्याच उन्हाळ्यात तिचे लग्न झाले. ट्रेनिंग राहिले ते राहिलेच. बाई नोकरी संपल्यावर गारखेड्याला भाच्याकडे गेल्या आणि तिथेच वारल्या. फुटका पाय तारेने बांधलेले त्यांचे परकार माझ्या खोलीत खुंटीला टांगलेले असे, कारण तोवर मुख्याध्यापिका मी झाले होते.

एका जूनमध्ये शेवंता आपल्या मुलीला घेऊन आली. तिने आधी बाईंची चौकशी केली. मी सांगितले. ती खुंटीकडे पाहत राहिली, मग तिने मुलीला माझ्यापुढे उभे केले.

"मारलं तरी चालंल, बाई. पण मधूनच कुणाला नेऊ देऊ नका."

मी जन्मात कुणावर हात उगारला नव्हता. त्या दोघी गेल्यावर मी ते परकार खुंटीवरून काढले आणि टेबलावर, माझ्या हाताला येईल असे ठेवले.