रुमालाखालचा हात

पेटी उघडली, पेंढ्यातल्या हापूसचा वास आला आणि मी मनाने थेट वाशीच्या मार्केटात पोहोचलो. हंगामाचा पहिला माल होता आणि मी चेवात होतो. माझं जुनं गिऱ्हाईक पळवणारा सलीमभाई त्या दिवशी माझाच आंबा घ्यायला आला होता. इतरांना कळू नये म्हणून रुमालाखाली बोटं दाबून आमचा भाव ठरायचा. त्याने एकदम माझं मनगट दाबलं.

"एवढ्यात देणार नाही," मी भडकलो.

"भाव गेला खड्ड्यात. हात बर्फ झालाय तुझा. चल डॉक्टरकडे."

छातीत दुखतंय हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. दवाखाना येईपर्यंत त्याने हात सोडला नाही.

गिऱ्हाईक पळवल्याचा राग अजून आहेच. पण आता जरा कळ आली, की पहिला फोन त्यालाच करतो.