एकटीला पुरेल एवढं

बायकोला बँकेत बढती मिळाली आणि बढतीबरोबर आसाम मिळाला. नकाशात बोट फिरवूनही पटकन सापडू नये असं गाव. ती बढती तिची एकटीची नव्हती. ती परीक्षेचा अभ्यास करत होती तेव्हा आईनं तिला स्वयंपाकघरात फिरकू दिलं नव्हतं, आणि निकालाच्या दिवशी जुळे सोलापूर भागातल्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये पेढे मी वाटले होते, जणू मीच पास झालो. तिला स्वतःची शाखा चालवायची होती. लग्न ठरताना पहिल्या भेटीतच तिनं मला हे सांगितलं होतं. त्यामुळं ‘जाऊ नको’ असं घरात कुणी म्हणालं नाही. मी स्टेशनवर हसत हात हलवला आणि घरी येऊन दोन दिवस आईवर उगाच डाफरलो.

लांब राहणाऱ्या बायकोला भेट काय पाठवावी, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आमच्याकडं माणसाचा मान ठेवायचा म्हणजे टॉवेल-टोपी. मग लग्न असो, निवृत्ती असो, नाही तर निवडणूक. त्यात मी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर माल तपासून पास की रिजेक्ट ते ठरवायचं. वस्तूतलं आपल्याला कळतं, असा माझा समज होता. पहिली भेट पाठवली ती अर्थातच चादर, चांगली जाडजूड, ऐन पावसाळ्यात. तिकडं हवा अशी दमट की कपाटातल्या चपलांना बुरशी चढते.

“अहो, ही पांघरायची कधी?” तिनं फोनवर विचारलं. “इथं घाम पुसता पुसता जीव जातोय.”

“मग टॉवेल पाठवतो की,” मी म्हणालो.

ती इतकी हसली की मी ती भेट पासमध्ये धरली.

पुढच्या वेळी मात्र मी डोकं लावलं. तिला काय आवडतं, कशाची आठवण येत असेल, याचा बसमध्ये येता-जाता विचार करायचा आणि तेच पाठवायचं. आमच्या लग्नातला, तिच्या पदराला माझा हात अडकला होता तो फोटो मी चौकटीत बसवून पाठवला. आईनं उखळात कुटलेली शेंगाची चटणी आणि कडक भाकरीही पाठवली. ही भाकरी पापडासारखी वाळवलेली असते, महिना महिना टिकते, चुरून दह्यात कालवली की पोट भरतं. मी मोजून एका माणसाला पुरेल एवढी बांधली. जास्त पाठवून तिच्या त्या एका खोलीत अडगळ कशाला?

पार्सल पोचलं त्या संध्याकाळी तिचा फोन आला. बोलता बोलता ती भाकरी खात होती. कुडूम कुडूम आवाज मला ऐकू येत होता. मग आवाज थांबला आणि ती रडायला लागली.

“खराब निघाली का?” मी घाबरून विचारलं.

“नाही हो. चांगलीच आहे. तुम्ही अगदी बरोबर तेच पाठवता, म्हणून तर त्रास होतो.”

फोटोची चौकटही तिनं कपाटात आत ठेवून दिली होती. समोर असली की घरी यावंसं वाटतं म्हणे. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. मी जितकी नेमकी भेट शोधायचो, तितकी ती तिथं जास्त एकटी व्हायची.

एकटी म्हणजे खरोखर एकटी. तिथली माणसं वाईट नव्हती, पण सगळ्यांसाठी ती मॅडम होती. शाखा बंद झाली की मॅडम खोलीवर यायच्या, दार लावायच्या आणि फोन हातात घ्यायच्या. आमच्या घरात कानडी-मराठी दोन्ही चालतं, आणि आई जिव्हाळ्याचं सगळं कानडीत विचारते. तिचा रोजचा प्रश्न ठरलेला, “ऊटा आतेन?” म्हणजे जेवण झालं का. बायको रोज हो म्हणायची. आईला ते रोज खोटं वाटायचं.

हिवाळा लागला तेव्हा एकदा बायको म्हणाली, “मी अर्ज करणार आहे. बढती परत घ्या आणि मला सोलापूरला पाठवा, म्हणून. जानेवारी संपायच्या आत देते.”

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. ती घरी येणार, आणखी काय हवं? पण फोन ठेवल्यावर तिचा आवाज कानातून जाईना. घरी येणाऱ्या माणसाचा आवाज असा नसतो. ती हरून येत होती, आणि इथं आल्यावर आयुष्यभर बँकेतल्या कुठल्या तरी टेबलामागून दुसऱ्यांच्या बढत्या बघणार होती. आईला सांगितलं तर ती तांदूळ निवडत राहिली.

तेवढ्यात वेळ अमावस्या आली. आमच्या भागात तिला येळवस म्हणतात. होटगीजवळ माझ्या चुलत्यांचं शेत आहे, त्या दिवशी आम्ही सगळे तिथं जातो. उभ्या ज्वारीत कडब्याची खोप करायची, पूजा करायची आणि जेवायचं: सगळ्या डाळी-भाज्यांची मिळून केलेली भज्जी, ताक आणि ज्वारीच्या पिठाचं आंबील, भाकरी, चटणी. ज्यांना शेत नाही त्यांना आवतण द्यायचं. बांधावरून कुणी अनोळखी चालला असला तरी त्याला हाक मारून पंगतीला बसवायचं. उपाशी कुणाला पुढं जाऊ द्यायचं नाही, हा त्या दिवसाचा नियमच.

बायकोची येळवस चुकणार म्हणून मी आधीच एक खोकं भरायला घेतलं होतं. आई येऊन उभी राहिली.

“एवढंच?”

“एकटीला पुरंल की.”

“मग एकटीच खाईल आन् रडंल,” आई म्हणाली. “येळवशीला कुनी एकटं जेवतंय व्हय रे? तिला चार मानसं बोलवता येतील एवढं दे की! तू तिला घास पाठवतोस. पंगत पाठव.”

मी म्हणालो, तिथल्या लोकांना ज्वारी माहीत नाही, त्यांना आवडायची नाही, तिला भज्जी जमत नाही, वेळ नसतो. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि खालच्या मजल्यावरच्या दोन बायकांना भाकऱ्या करायला बोलावलं. आमच्या गच्चीवर भाकऱ्या वाळायला लागल्या. चटणीचा डबा झाला, ज्वारीचं पीठ झालं, भज्जीच्या डाळी वेगवेगळ्या पुरचुंड्यांत बांधल्या गेल्या. कुरिअरवाल्यानं ती खोकी बघितली आणि म्हणाला, “साहेब, लई झालं की हो. तिकडं खानावळ काढताय काय?”

बायकोला सांगितलं तर ती वैतागली. “अहो, माझ्याकडं धड दोन पातेली आहेत. आणि मी बोलावू कुणाला?”

“तुझ्या दारावरनं जाईल त्याला,” आई माझ्या खांद्यावरून फोनमध्ये ओरडली.

पार्सल वाटेत रखडलं, अमावस्या होऊन गेली. आईनं फर्मान काढलं की पोचेल त्यानंतरचा रविवार हीच तुझी येळवस. पातेली मागायला म्हणून बायको घरमालकिणीकडं गेली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ती त्या बाईच्या स्वयंपाकघरात शिरली. रविवारी सकाळी आईनं व्हिडिओवरून भज्जी शिकवली, मधे मधे कानडीत रागावत. तिकडून मालकीणबाई त्यांच्या भाषेत काही तरी सांगत होत्या. एकमेकींचं एक अक्षर कळत नसताना दोघींनी मिळून माझ्या बायकोला चुका काढून दाखवल्या.

अंगणातल्या सुपारीच्या झाडांखाली चटई अंथरली गेली. मालकीणबाईंचं घर आलं, शेजारचे आले, शाखेतला शिपाई आणि त्याची मुलं आली, कोपऱ्यावरची चहावाली आली. भज्जी थोडी लागली होती. आंबील कुणी चाखलं आणि कुणी नम्रपणे बाजूला ठेवलं. चटणीनं दोघांच्या डोळ्यांत पाणी आणलं आणि त्या दोघांनीच परत मागून घेतली. मालकीणबाईंनी तांदळाच्या पिठात तीळगूळ भरून केलेले, पिठा म्हणतात ते तिकडचे गोड पदार्थ आणले होते. कडक भाकरी कशी खायची ते कुणालाच कळेना, तेव्हा माझ्या बायकोनं मूठ मारून फोडून दाखवली. मग त्या अंगणात मुठी आपटण्याचा जो काही आवाज सुरू झाला, तो आम्ही सोलापुरात बसून ऐकला. आई हसता हसता खुर्चीत मागं रेलली.

त्यानंतर फोन उशिरा यायला लागले. कधी शेजारी बसली होती, कधी शिपायाच्या मुलीला गणित शिकवत होती. आईनं जेवणाचं विचारलं की आता नुसता हो यायचा नाही, कुणाकडं आणि काय ते सगळं यायचं. जानेवारी संपला. एका रविवारी मीच न राहवून विचारलं, “अर्जाचं काय?”

“नाही दिला,” ती म्हणाली. मग तिनंच विचारलं, “चालेल ना तुम्हाला?”

मला चालणार नव्हतं. तरी मी चालेल म्हणालो, आणि म्हणताना लक्षात आलं की ते खरंही आहे. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मार्चमध्ये रजा टाकून मी तिकडं गेलो. मनात होतं की आठवडाभर आम्ही दोघंच असू. कसलं काय! स्टेशनवरच मालकीणबाईंचा मुलगा गाडी घेऊन हजर. दुपारी शेजाऱ्यांकडं जेवण, रात्री शिपायाकडं, सकाळी चहावालीनं पैसे घ्यायला साफ नकार दिला. माझं मात्र तोंड वाकडं. बायकोशी दोन शब्द बोलावे म्हटलं तर दार वाजायचं आणि कुणी तरी वाटी घेऊन उभं. तिसऱ्या दिवशी मी कुरकुरलो तेव्हा ती म्हणाली, “तुम्हीच पाठवलंत की हे सगळं.” मी वाटीतलं खाल्लं. चांगलं होतं.

निघायच्या दिवशी ती मला सोडायला स्टेशनवर आली, आणि तिच्याबरोबर निम्मी गल्ली आली. गाडी हलली. ती रडत होती, पण मालकीणबाईंचा हात तिच्या खांद्यावर होता, आणि शिपायाची धाकटी तिचं बोट धरून तिला घराकडं ओढत होती. मी दारात उभा राहून ते दिसेनासं होईपर्यंत बघत होतो. मग जागेवर येऊन बसलो आणि आईला फोन लावला. ती काही विचारायच्या आत मी म्हणालो, “आई, आता काळजी करू नको,” आणि तिथं, भरल्या डब्यात, मला रडू फुटलं.