राहतो इथं, आहोत तिकडचे

आमच्या घरात एक नियम होता: हिंदी दुकानात, उंबऱ्याच्या आत मराठी. बुऱ्हाणपूरच्या बुधवारा पेठेत खाली बाबांचं साड्यांचं दुकान आणि वर आमचं घर. दिवसभर ‘बहनजी, ये वाली देखिए’ करणारे बाबा जिना चढून आले की हिंदी चपलांसोबत बाहेर ठेवायचे. मी आणि धाकटा भाऊ शाळेतून ‘मम्मी, भूख लगी’ ओरडत आलो, तर आम्हाला पुन्हा खाली पाठवायचे. मराठीत भूक लागल्याशिवाय पोळी मिळायची नाही.

आईचं माहेर मुक्ताईनगर. तिकडे जाताना इच्छापूर मागं पडलं, महाराष्ट्राची पाटी आली, की बाबा बसमध्ये सावरून बसायचे आणि म्हणायचे, “आलो आपल्याकडे.” दर वेळी. पाटीच्या अलीकडे-पलीकडे तीच केळी, तीच काळी माती. आमचे कोण कधी तिकडून इकडे आले, हेही घरात कुणाला धड ठाऊक नव्हतं. आई म्हणायची, “माहेर माझं, अन् कौतिक ह्यायलेच!”

मला सिव्हिल इंजिनियर व्हायचं होतं. शाळेच्या सहलीत आम्ही कुंडी भंडाऱ्यात खाली उतरलो होतो. डोंगराचं पाणी कुणीतरी शेकडो वर्षांपूर्वी जमिनीखालून शहरापर्यंत आणलेलं, बिनपंपाचं, आणि ते अजून वाहत होतं. मी त्यात हात बुडवला आणि ठरवून टाकलं. मुलगी आहेस, कॉम्प्युटर घे, असं सगळे म्हणाले. कॉम्प्युटर उघडला की पाणी येतं का, असं मी विचारायची. उद्धट म्हणून माझं नाव तेव्हाच झालं.

महाराष्ट्राची प्रवेश परीक्षा मी जळगावला जाऊन दिली आणि मार्क उत्तम पडले. मग प्रवेशाचा अर्ज भरायला बाबा आणि मी ऑनलाइनवाल्याच्या दुकानात गेलो. त्याने विचारलं, “अंकल, होम स्टेट?”

“महाराष्ट्र लिखो.”

मी म्हटलं, “बाबा, आपण एमपीत राहतो ना?”

“राहतो इथं. आहोत तिकडचे.”

त्यांच्याकडे पुरावाही होता. पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजाने माझा जन्म मुक्ताईनगरचा. तो दाखला त्यांनी हुकमाच्या पानासारखा टेबलावर ठेवला. मला काही वाईट वाटलं नाही, उलट त्या दाखल्याचा मला थोडा माजच आला.

आईला मात्र ते पटलं नाही. “मी बाळंतपणाले गेलती तिकडं, राहायले नाही. इंदूरचा बी फॉर्म भरून ठेवा.”

“दोन डगरींवर पाय ठेवला की माणूस मधे पडतो,” बाबा म्हणाले. इंदूरचा अर्ज राहिला.

कागद तपासायला जळगावच्या केंद्रावर बोलावलं. बाबांनी लग्नातला शर्ट घातला होता. टेबलापलीकडच्या मॅडमनी दाखला बाजूला सारला आणि माझ्या मार्कशिटा पाहिल्या. “दहावी-बारावी दोन्ही मध्य प्रदेशातून आहेत. नुसता जन्म धरत नाहीत, काका. ही बाहेरच्या राज्यातली झाली.”

“मॅडम, आम्ही मराठीच आहोत. घरात मराठीच बोलतो,” बाबा म्हणाले. इतकं जपून, इतकं शुद्ध बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

“ते कळतंय हो मला,” त्या म्हणाल्या. खरंच वाईट वाटल्यासारखं म्हणाल्या. बाहेरच्या राज्यातल्यांसाठी वेगळी परीक्षा लागत होती आणि ती मी दिलीच नव्हती. मागे रांग होती. बाबा जागचे हलेनात, तेव्हा मी त्यांना दंडाला धरून बाजूला घेतलं. मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि त्याहून जास्त कीव येत होती. या दोन गोष्टी एकदम आल्या की माणसाने काय करायचं असतं, ते मला आजही माहीत नाही.

परत येऊन चौकशी केली तर इकडची मुदत उलटून गेली होती. मी रडले, जेवले नाही. घरी आलेल्या पाहुण्यांना हौसेने कुंडी भंडारा दाखवायला न्यायचे, तेही सोडलं. पुढच्या वर्षी भर, असं ठरलं. पण पुढच्या वर्षी भावाची बारावी होती आणि आमच्या घरातून एका वेळी एकालाच बाहेर पाठवणं जमणार होतं. तो मुलगा होता. हे कुणी बोललं नाही, बोलायची गरजही नव्हती. मी इथेच बीएस्सी केली. भावाच्या अर्जाच्या वेळी मीही गेले होते. ऑनलाइनवाल्याने विचारायच्या आधीच बाबा म्हणाले, “होम स्टेट मध्य प्रदेश लिखो.” भावाला इंदूर मिळालं. त्याने सिव्हिलच घेतलं. पेढ्यांचा पुडा मीच फोडला आणि सगळ्या गल्लीत वाटून आले.

गेल्या उन्हाळ्यात मामेबहिणीच्या लग्नाला आम्ही तिघं मुक्ताईनगरला निघालो. भावाची परीक्षा होती. बसमध्ये बाबा माझ्या शेजारी, आई पुढच्या सीटवर. इच्छापूर मागं पडलं. पाटी आली आणि गेली. बाबा सावरून बसले नाहीत, केळीच्या बागांकडे बघत राहिले. मला राहवलं नाही. जुनी उद्धट मी जागी झाली आणि चिडवायला म्हटलं, “आलो ना बाबा, आपल्याकडे?”

त्यांनी माझा हात घट्ट धरला, तोंड खिडकीकडेच ठेवलं आणि हळूच म्हणाले, “माफ कर दे, बेटा.”

माझ्याशी ते त्याआधी कधीच हिंदीत बोलले नव्हते.