शून्यापाशी काय लिहिलंय

दौलताबादहून रोज एसटीनं येणारी एक मुलगी हजेरीपटावर माझ्या पुढच्याच क्रमांकावर होती. सांख्यिकीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत मी पास झाले ती तिच्यामुळं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं तिच्याबद्दल जे लिहिणार आहे त्यात गोड फारसं काही नाही.

ती मला मावशी म्हणायची, आणि तिचं ऐकून सगळा वर्ग. मी त्या पोरींपेक्षा बरीच मोठी होते. आठवीनंतर माझी शाळा सुटली, कारण पुढची इयत्ता गावात नव्हती आणि बाहेरगावी धाडायला घरचे तयार नव्हते. कित्येक वर्षांनी बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी दिली, मग बारावी, आणि किनवटच्या पलीकडून इतक्या लांब या शहरात पदवीला आले. आदल्या वर्षी याच प्रात्यक्षिकात आपटले होते. का आपटले ते कुणी सांगितलं नाही. भाऊ मात्र फोनवर स्पष्ट बोलला होता, "या खेपेला नापास झालीस तर बोचकं बांधून घरी ये. पुन्हा शहराचं नाव काढायचं नाय."

प्रात्यक्षिकाला जोड्या हजेरी क्रमांकानं लागायच्या. एकीनं कोष्टकातला आकडा वाचून सांगायचा, दुसरीनं गणित करायचं आणि उत्तर दोघींचं एकच, मार्कही तेच. जोडी लागली तेव्हा ती सरांना माझ्यादेखत म्हणाली, "सर, दुसरी कुणी नाही का?"

नव्हती.

सरावाचं पहिलंच गणित पिठाच्या पिशव्यांचं होतं. अमुक वजनापेक्षा हलकी पिशवी निघण्याची संभाव्यता किती? मी डिपार्टमेंटच्या कोष्टकातला आकडा पाहिला, सवयीनं त्यात अर्धा मिळवला आणि सांगितलं, "एक पूर्णांक अडतीस."

तिनं पेन खाली ठेवलं. "मावशी, शंभर पिशव्यांतल्या एकशे अडतीस हलक्या? वरच्या अडतीस तू घरून आणल्यास का?"

वर्ग खदखदून हसला. सर फळ्याकडून न वळताच म्हणाले, "काही लोकांनी चूलच सांभाळलेली बरी." त्यावर वर्ग आणखी हसला. भाऊ, बोचकं, किनवटची गाडी, सगळं डोळ्यांपुढं आलं.

हसली नाही ती एकटीच. ती चिडली होती. "मेरेकू तेरे संग नई डूबना," असं घरच्या दखनीत म्हणून तिनं माझं जुनं पुस्तक ओढून घेतलं. औरंगपुऱ्यातल्या रद्दीच्या दुकानातून आणलेलं ते पुस्तक. त्यावरच मी खोलीत बसून शिकले होते. तिनं ते डिपार्टमेंटच्या पुस्तकाशेजारी उघडलं.

"तुझ्या कोष्टकात शून्यापाशी काय लिहिलंय?"

"शून्य."

"आणि यांच्यात?"

"अर्धा."

"मग? डोळे आहेत ना?"

माझं कोष्टक घंटेसारख्या वक्राखालचा भाग मध्यापासून मोजायचं; सगळा वक्र मिळून एक, म्हणून डावीकडचा अर्धा आपण मिळवायचा. डिपार्टमेंटचं कोष्टक डाव्या टोकापासूनच मोजायचं, त्यात तो अर्धा आधीच धरलेला. कोष्टकांचे असे प्रकार असतात हेच मला माहीत नव्हतं. आदल्या वर्षी का आपटले ते मला तेव्हा कळलं, सगळ्यांसमोर.

त्यानंतर परीक्षेपर्यंत रोज सकाळी लायब्ररीच्या व्हरांड्यात तिनं मला छळलं. दुसरा शब्द नाही. आधी शून्यावर बोट ठेवायचं, मग वक्र काढायचा, हवा तो भाग पेन्सिलीनं काळा करायचा, मगच तोंड उघडायचं. वक्राआधी बोलले की ती माझ्या हातातली पेन्सिल काढून घ्यायची. "आठवीपर्यंत तरी खरंच गेलीस का गं शाळेत?" असं येणाऱ्या-जाणाऱ्यांना ऐकू जाईल असं विचारायची. डब्यातल्या पेरूची एक फोडही तिनं कधी पुढं केली नाही. मी एकदा म्हणाले, "लई उपकार झाले गं तुझे." तर फटकन म्हणाली, "मैं तेरेकू नई सिखारी. मेरे मार्कां बचारी." म्हणजे मला शिकवत नव्हतीच, स्वतःचे मार्क वाचवत होती.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले आणि त्यांनी स्वतःचीच छापील कोष्टकं वाटली. मी शून्यावर बोट ठेवलं. अर्धा. म्हणजे डिपार्टमेंटसारखंच, असं मनात म्हणून आकडा सांगणारच होते, पण बोट एक ओळ खाली सरकलं आणि तिथला आकडा लहान निघाला. त्याखालचा आणखी लहान.

"बोल ना!" ती दातओठ खात कुजबुजली.

"थांब."

"वेळ जातोय, मावशी!"

वक्र काढला. गणितात विचारलेला डावीकडचा भाग काळा केला, उजवीकडची शेपटी कोरी राहिली. "हे उजवीकडं उरलेलं मोजतंय. एकातून वजा कर."

तिनं कागद हिसकावला, वरून खाली पाहिला आणि "हौ" म्हणून वजाबाकी केली. शेजारच्या टेबलावरची जोडी तेवढ्यात चुकलेल्या उत्तराचा दोष कुणाचा यावरून भांडायला लागली होती.

परीक्षक आमच्यापाशी थांबले. माझ्याकडं बघून विचारलं, "इथं वजा का केलंत?"

"शून्यापाशी अर्धा आहे सर, पण खाली आकडे घटत जातात." ते नुसतं "हं" म्हणाले आणि पुढं गेले.

निकाल लागला त्या दिवशी बोर्डापाशी मी तिचा हात धरायला गेले. तिनं हात मागं घेतला. "झालं ना? आता माझ्या मागं येऊ नको." आणि एसटी गाठायला निघून गेली. मी बोचकं बांधलं नाही. भावाला फोन करून पास झाल्याचं सांगितलं.

ती मला आवडली नव्हती, अजूनही आवडत नाही. पण तिचं देणं माझ्यावर आहे. कधीतरी कुठल्यातरी गोष्टीत ती अडेल आणि आजूबाजूचे हसत असतील. त्या दिवशी मी तिच्या शेजारी जाऊन बसेन. गोड बोलणार नाही, तिला ते चालायचं नाही. तिच्या हातातली पेन्सिल काढून घेईन आणि तिला जमेपर्यंत उठणार नाही.