पोर्ट एल्डनची मोजणी

गिरिजाबाई सरनोबत अमेरिकेत लेकीकडे राहायला आल्या त्याला तीन वर्षं झाली, आणि एवढ्या काळात या देशाविरुद्ध त्यांची एकच तक्रार टिकून राहिली: इथे माणसाला पाय दिलेत कशाला, तेच कळत नाही. दूध आणायचं तर गाडी, देवळात जायचं तर गाडी, दोन गल्ल्या सोडून शोभनाताईंकडे हळदीकुंकवाला जायचं तरी लेक रुचा म्हणणार, "आई थांब, कॉल संपला की ड्रॉप करते." कॉल काही संपत नसे. मग बाई पर्स मांडीवर घेऊन सोफ्यावर बसून राहत.

आणि ही कोण बाई, तर जिनं अठ्ठावीस वर्षं तासगाव तालुका पायी पालथा घातला. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक. जमीन मोजायची, हद्द कायम करायची, दगड रोवायचा, हे काम. नवरा त्याच खात्यात होता, तो अपघातात गेला आणि त्याच्या जागी गिरिजाबाईंना घेतलं, तेव्हा साहेबांनी मोठ्या मायेनं टेबल दाखवलं होतं. "बाई, तुम्ही आवक-जावक सांभाळा." बाईंनी जमीन मोजायची साखळी मागितली. पुढे भाऊबंद कुऱ्हाडी घेऊन बांधावर उभे असताना पदर खोचून त्यांनी मधोमध साखळी टाकली आहे, आणि कुऱ्हाडवाल्यांना "जरा बाजूला व्हा, सावली पडतेय" असं सांगितलं आहे.

अशा बाईला पोर्ट एल्डनमध्ये एकच जागा होती, जिथे कुणाला विचारल्याशिवाय जाता येई. एरी सरोवराचा काठ. नाव सरोवर, पण पलीकडचा किनारा दिसत नाही. दिसला असता तर तो कॅनडा असता. रुचाच्या घरापासून रिज रोडवर यायचं, थोडं पूर्वेला चालायचं, मग दोन घरांच्या मधून आठ फुटांची गवताळ वाट थेट उत्तरेला उतरते आणि खडबडीत गोट्यांच्या किनाऱ्यावर सोडते. रोज सकाळी सात वाजता गिरिजाबाई तिथे. अपार्टमेंटमध्ये राहणारी आणखी पाचसहा माणसं त्याच वाटेनं येत. हात हलवायचे, थंडीला नावं ठेवायची, परत यायचं. त्या एका तासात त्या कुणाची आई नसत आणि कुणावर अवलंबून नसत.

एप्रिलमध्ये त्या वाटेच्या तोंडाशी पाटी लागली. दोन्ही बाजूंच्या घरमालकांनी अर्ज केला होता की ही पट्टी निरुपयोगी आहे, गावानं तिच्यावरचा हक्क सोडावा आणि ती आम्हा दोघांत वाटून द्यावी. कौन्सिलमध्ये सुनावणी होणार होती.

पूर्वेकडच्या घराचे मालक मिस्टर हॅलोरन. माणूस वाईट नव्हता. रोज हात करायचा, एकदा टोमॅटोही दिले होते. पण गिरिजाबाईंच्या अनुभवात शेजाऱ्याचा बांध कोरणारी माणसं सहसा वाईट नसतातच. दरवर्षी नांगराचं एक तास पलीकडे सरकतं, एवढंच. इथे नांगर नाही, झुडपांचं कुंपण आहे, आणि तेही दरवर्षी थोडं फुगतं.

"हे बांध कोरणं आहे," त्यांनी जेवताना जाहीर केलं.

"आई, प्लीज हं," रुचा म्हणाली. "आपण इथे नवीन आहोत. लोकांशी कशाला पंगा?"

"रुचा, आय थिंक आईंचा पॉइंट आहे यार," जावई यतीन म्हणाला आणि बायकोची नजर बघून वरण वाढून घेऊ लागला.

बाईंनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी त्या चालत गावच्या लायब्ररीत गेल्या. तिथे स्थानिक इतिहासाची एक खोली आहे आणि त्या खोलीत लिंडा नावाची बाई बसते, जिच्याकडे आठवड्यातून एखादा माणूस येतो आणि तोही बहुधा टॉयलेट कुठे आहे ते विचारायला. गिरिजाबाईंनी नकाशा मागितल्यावर तिला भरून आलं. तिनं पोर्ट एल्डनची कथा अगदी पहिल्यापासून सांगितली. हजारो वर्षांपूर्वी सरोवर आजच्याहून मोठं होतं. ते मागे हटलं आणि जुन्या काठाचा वाळूचा उंचवटा तेवढा राहिला. त्या उंचवट्यावरून आधी इथल्या मूळ लोकांची पायवाट गेली, मग पूर्वेकडून आलेल्या गोऱ्यांच्या बैलगाड्या, मग विजेची ट्राम, आणि आता रुचाची गाडी. उंचवटा आणि पाणी यांच्यामधल्या पट्टीत सरोवराच्या उबेमुळे कडाका उशिरा पडतो, म्हणून तिथे द्राक्षं.

"द्राक्षं?" तासगावची बाई खुर्चीत सरसावून बसली.

द्राक्षंच. मैलच्या मैल मांडव होते. टोपल्या भरून गाड्या धक्क्यावर जायच्या आणि तिथून बोटींनी शहरात. गाड्यांसाठी रिज रोडपासून पाण्यापर्यंत वाटा सोडल्या होत्या. पुढे द्राक्षं गेली, धक्का वादळात गेला, बागांच्या जागी उन्हाळी बंगल्या आल्या आणि महायुद्धानंतर एकसारखी घरं. लिंडानं १८६८चा नकाशा उलगडला. इंग्रजी वाचताना गिरिजाबाईंचं बोट शब्दाशब्दाखालून जातं, पण नकाशा त्यांना मराठी असो, मोडी असो नाहीतर अमेरिकन, घडाघडा कळतो. चर्चच्या कोपऱ्यावर दगड. तिथून रिज रोडनं पश्चिमेला बारा साखळ्या. तिथे दगड, आणि तिथून सरोवरापर्यंत सार्वजनिक वाट.

साखळ्या! त्या लिंडाला मिठीच मारणार होत्या. सात समुद्र ओलांडून आल्यावर माहेरचं माणूस भेटावं तसं झालं. एक साखळी म्हणजे तेहेतीस फूट, तिचे भाग सोळा, त्यांना म्हणायचं आणे. हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं, आणि नेमका तिथेच घात झाला. कारण जे झोपेतही सांगता येतं ते माणूस जागेपणी तपासत नाही.

सुनावणीला प्रत्येकाला तीन मिनिटं होती. गिरिजाबाई निळी इरकल नेसून माइकपुढे उभ्या राहिल्या आणि त्यांनी सरकारी इंग्रजीत सांगितलं की ही वाट दीडशे वर्षांपूर्वी मोजून सोडलेली आहे, चर्चच्या दगडापासून बारा साखळ्या, म्हणजे तीनशे शहाण्णव फूट. हॅलोरन यांच्या वकिलानं शांतपणे फोनवर नकाशा काढला.

"मॅडम, चर्चपासून तीनशे शहाण्णव फुटांवर डॉक्टर पीटरसन यांचा दाताचा दवाखाना आहे."

सभागृह हसलं. दुष्टपणानं नव्हे, पण हसलं. वकील मात्र हसला नाही. तो म्हणाला, "बाईंचे आभार. त्यांनी आमचंच म्हणणं सिद्ध केलं. नकाशातली वाट दुसरीकडे होती आणि ती केव्हाच गेली. ही पट्टी ती नव्हेच." कौन्सिलच्या पाचही जणांनी माना डोलावल्या. ठराव दोनदा वाचावा लागतो म्हणून अंतिम मतदान तीन आठवड्यांवर गेलं, नाहीतर त्याच संध्याकाळी वाट संपली असती, आणि ती गिरिजाबाईंनी स्वतःच्या तोंडानं संपवली असती.

 घरी आल्यावर रुचा म्हणाली, "आई, इट्स ओके गं. मी रोज सकाळी तुला पार्कला ड्राइव्ह करीन."

त्या वाक्यानं बाईंना रडू आलं. लेक मनापासून म्हणत होती, म्हणून जास्तच आलं. अठ्ठावीस वर्षांत त्यांची एकही मोजणी अपिलात फिरली नव्हती, आणि आता म्हातारपणी, परक्या गावात, भर सभेत तोंडावर पडल्या. चार दिवस त्या सरोवराकडे फिरकल्या नाहीत. यतीनरावांनी मुद्दाम सासूबाईंच्या हातच्या चिवड्याची फर्माईश केली, तर त्यांनी दुकानातलं पाकीट पुढे सरकवलं.

पाचव्या दिवशी लिंडानं वाचायला दिलेली पुस्तकं परत करायची होती म्हणून त्या बाहेर पडल्या. रिज रोड ओलांडताना पावलं मोजली. मोजायची ठरवली नव्हती. ज्या बाईची पावलं सरकारनं अठ्ठावीस वर्षं वापरली ती मोजल्याशिवाय चालूच शकत नाही. त्यांचं पाऊल अडीच फुटांचं, साखळीला तेरा पावलं. अलीकडच्या घराच्या हद्दीपासून पलीकडच्या हद्दीपर्यंत सव्वीस भरली. त्या थबकल्या. नकाशात या रस्त्याची रुंदी लिहिलेली होती आणि ती त्यांना आठवत होती. एक साखळी.

एक साखळी, आणि पावलं सव्वीस? त्यांनी पुन्हा ओलांडला. सव्वीस. चर्चची गल्ली मोजली, सव्वीस. ट्रामची जुनी गल्ली मोजली, सव्वीस. एका गाडीवाल्यानं काच खाली करून "आर यू लॉस्ट, मॅम?" असं विचारलं, त्याला त्यांनी हातानंच जा म्हणून सांगितलं. गावातला प्रत्येक जुना रस्ता त्यांच्या दोन साखळ्यांचा होता. म्हणजे गाव चुकलं नव्हतं, नकाशा चुकला नव्हता. इथल्या लोकांची साखळीच सहासष्ट फुटांची होती!

"गाढव!" गिरिजाबाई भर रस्त्यात स्वतःला म्हणाल्या, आणि इतक्या आनंदानं कुणी स्वतःला गाढव म्हटलं नसेल.

त्या तशाच चर्चच्या कोपऱ्यावर गेल्या. बारा साखळ्या, म्हणजे सातशे ब्याण्णव फूट, म्हणजे तीनशे सतरा पावलं. दाताचा दवाखाना मागे पडला. तीनशे सतरावं पाऊल पडलं ते हॅलोरन यांच्या घरापुढे, वाटेच्या अलीकडे बारा फुटांवर. बरोबर त्यांच्या हायड्रेंजियाच्या वाफ्यासमोर. लायब्ररीत जाऊन त्यांनी नकाशा परत उलगडला आणि या वेळी वाटेची रुंदीही वाचली. दगडापासून पश्चिमेला पन्नास कड्या, अर्धी साखळी, म्हणजे तेहेतीस फूट. आज राहिली होती आठ. पंचवीस फूट दोन्हीकडच्या झुडपांनी खाल्ले होते.

या खेपेला त्या कुणालाही काही सांगायच्या आधी लिंडाला घेऊन गावच्या सर्व्हेअरकडे गेल्या. केली नावाची चाळिशीतली बाई, पायात चिखलाचे बूट. गिरिजाबाईंनी आधी स्वतःची चूक सांगितली आणि मग आकडे. केलीनं आकडे पाहिले, मग गिरिजाबाईंकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही हे चालून मोजलंत?"

"येस," गिरिजाबाई म्हणाल्या. "यू चेक विथ इन्स्ट्रुमेंट."

शनिवारी सकाळी दहा वाजता रिज रोडवर साठेक माणसं जमली. कौन्सिलचे पाचही जण होते, वकील होता, सात वाजताची सगळी मंडळी होती. हॅलोरन यांनी खणायला परवानगी दिली होती, कारण खाली काही नाही याची त्यांना खात्री होती. रुचा घाबरून यतीनचा हात धरून उभी होती. गिरिजाबाईंनी चर्चच्या दगडावर टाच टेकवली, पदर खोचला आणि निघाल्या. कुणाकडे बघितलं नाही. तीनशे सतराला थांबल्या, वाफ्याच्या कडेला खुंटी रोवली आणि "हियर" म्हणाल्या.

केलीनं यंत्र लावलं. खुंटी दीड फूट चुकली होती.

"सातशे ब्याण्णवात दीड फूट," केली सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझी माणसं टेप लावूनही कधीकधी एवढी चुकतात."

मग तिनं कुदळ मागवली. वीतभर माती निघाली, मुळं निघाली, फुटभर झालं. काहीच नाही. वकिलानं घड्याळ पाहिलं. रुचानं डोळे मिटून घेतले. दोन फुटांवर लोखंड दगडावर खणकलं आणि गिरिजाबाईंना तो आवाज घरच्या दाराच्या कडीइतका ओळखीचा वाटला. केली गुडघ्यावर बसली, तिनं बोटांनी माती साफ केली. चौकोनी घडवलेला दगड, डोक्यावर छिन्नीनं कोरलेली फुली.

लोकांनी अशा टाळ्या वाजवल्या की चर्चमधून पाद्री बाहेर आला. लिंडा उघड उघड रडत होती. रुचानं गर्दीतून धावत येऊन आईला मिठी मारली आणि नंतर भेटेल त्याला "दॅट्स माय मॉम" असं सांगत सुटली.

मिस्टर हॅलोरन हळूच जवळ आले. "मी घर घेतलं तेव्हा कुंपण तिथेच होतं," ते म्हणाले.

"एव्हरीबडी सेज," गिरिजाबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या खांद्यावर थोपटलं.

मंगळवारी मतदान झालं. अर्ज पाच विरुद्ध शून्य मतांनी फेटाळला गेला आणि वाट पूर्ण तेहेतीस फूट मोकळी करायचं ठरलं. सभा संपल्यावर केली गुंडाळलेला नकाशा घेऊन गिरिजाबाईंच्या खुर्चीशी आली. १८६८च्या त्या नकाशात सरोवराकडे उतरणाऱ्या अशा आणखी तीन वाटा होत्या, आणि त्या नेमक्या कुठे गेल्या हे ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं. सोमवारी सकाळी आठ वाजता जीप घेऊन आले तर चालेल का, असं तिनं विचारलं.

गिरिजाबाईंनी रुचाकडे वळून पाहिलं.

"रुचा," त्या म्हणाल्या, "सोमवारी मला डबा लागेल."