मामा, जरा बाजूला

अमडापूरच्या इंद्रभानला कोणी फोटोवाला म्हटलं की त्याच्या कपाळाला आठी पडायची. तो फोटोवाला नव्हता, कलावंत होता. हे त्याचं त्यानंच ठरवलं होतं, त्यामुळे त्यात वादाला जागा नव्हती.

सुरुवात पाट्या रंगवण्यापासून झाली. गिरणीवर गणपती, सलूनवर आरसा हातात घेतलेली बाई, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर 'येथे घाण करू नये', आणि त्याखाली पुन्हा गणपती, म्हणजे लोकांना लाज वाटावी. मग चिखलीच्या एका फोटो स्टुडिओला मागचा पडदा रंगवून हवा होता. इंद्रभाननं पडद्यावर तळं काढलं, तळ्यात दोन हंस सोडले, पलीकडे ताजमहाल ठेवला आणि अलीकडे एक संगमरवरी जिना काढला. तो जिना वर कुठंच जात नव्हता. आपल्या जिल्ह्यात नाव घेण्यासारखं तळं म्हणजे लोणारचं, आणि त्याचं पाणी इतकं खारट की हंस राहू द्या, बेडूकसुद्धा उडी मारण्याआधी विचार करतो. देवाकडून राहून गेलेली ती उणीव इंद्रभाननं भरून काढली. तालुक्यातलं प्रत्येक नवं जोडपं त्या तळ्यापुढे उभं राहून आलं. नवऱ्या मुलींचे शालू घासून घासून एका हंसाची मान पुसली जायची. इंद्रभान ती पुन्हा काढायचा, आणि दर वेळी थोडी लांब व्हायची. शेवटी शेवटी तो हंस उंटाकडे झुकला होता. पण फोटोत माणसं आपला चेहरा बघतात, हंसाचा कोण बघतो.

मग व्हिडिओ आला. गणपतीत भाड्यानं रंगीत टीव्ही आणायचा आणि चौकात देवादिकांचे सिनेमे लावायचे, अशी टूम निघाली. बायका टीव्हीतल्या देवाला हात जोडायच्या. इंद्रभान पुढे बसून टक लावून बघायचा. कमळ उमलायचं, त्यातून देव निघायचे, आकाशातून फुलं पडायची. त्यालाही तिथे साक्षात्कार झाला. देवाचा नव्हे, देवाच्या डोक्यामागे फिरणाऱ्या चक्राचा.

वर्षभरात त्यानं मुंबईहून कॅमेरा आणला. खांद्यावर ठेवायचा, चांगला घागरीएवढा. हॅलोजनचा दिवा धरायला निवृत्ती नावाचा एक थंड माणूस ठेवला. समोर नवरी रडो की मांडव पडो, निवृत्तीच्या हातचा दिवा हलत नसे. लग्न झालं की इंद्रभान कॅसेट घेऊन अकोल्याला जायचा. तिथे एका मिक्सिंगवाल्याकडे यंत्र होतं. त्यात एकीकडून लग्न घातलं की दुसरीकडून कला निघायची. नवरी कमळातून बाहेर यायची. नवरदेव बदामाच्या आकारात बसायचा आणि बदामाच्या टोकात त्याच्या काकाचा कान कापला जायचा. जेवणाच्या पंगतीवर हंस पोहत जायचे. हे सगळं कुठून आलं हे इंद्रभानला कुणी विचारलं नाही, नाहीतर त्यानं सांगितलं असतं की आपलं स्वतःचं आहे. पडद्याचं तळं, दिवाळीच्या कॅलेंडरावरची लक्ष्मी आणि गणपतीतले सिनेमे या तिघांनी मात्र हक्क सांगितला असता.

एकदा त्याला तेरवीचं शूटिंग मिळालं. त्यानं तिथेही हात आखडला नाही. वारलेले आजोबा कमळातून वर आले, बदामात तीनदा फिरले आणि सनईच्या सुरात विरून गेले. घरचे लोक इतके खूश झाले की आजोबांच्या हयातीत ते आजोबांवर कधी तेवढे खूश नव्हते.

"जे होतं ते तर सगळ्याइलेच दिसते," इंद्रभान म्हणायचा. "त्यात आपली कला कोणती?"

त्याच्या कलेला एकच अडचण होती, ती म्हणजे मामा. आपल्याकडे मामानं नवरीला बोहल्यावर आणायचं आणि अक्षता संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं. हे मामा लोक अंगानं रुंद, डोक्यावर भलामोठा फेटा, आणि उभे नेमके तिथे जिथे इंद्रभानला पुढे कमळ लावायचं असतं. त्यामुळे प्रत्येक लग्नात मंगलाष्टकांच्या मधोमध त्याचा आवाज घुमायचा, "मामा, जरा बाजूला." गुरुजी 'सावधान' म्हणायचे त्याच्या वरच्या पट्टीत. गावोगावची पोरं लग्न-लग्न खेळताना मंगलाष्टकांऐवजी तेवढंच म्हणायची.

इंद्रभानची थोरली बहीण पुष्पाबाई मोताळ्याकडे दिलेली. नवरा हिंमतराव, शेतीवाडी बरी, मुली चार. त्यांच्या घराण्यात रीत होती की मुलीच्या आईनं मुलीच्या अक्षता बघायच्या नाहीत. बाहेर मंगलाष्टकं सुरू झाली की आईनं मागच्या अंगणात तुळशीपुढे बसायचं आणि पाणी घालत राहायचं. इंद्रभानकडे कॅमेरा यायच्या आधीच पुष्पाबाईनं तीन मुलींची लग्नं अशी तुळशीपुढे लावली. कर्ण्यातून मंगलाष्टकं ऐकायची, बँड वाजला की समजायचं, गेली. रीत मोडावी असं तिच्या मनात कधी आलं नाही. देवाचं ते देवाचं. पण तिसऱ्या मुलीच्या वेळी तुळशीत इतकं पाणी पडलं की तुळसच कुजली, आणि त्यावरून सासूनं वर्षभर ऐकवलं.

आता चौथी, शेवटची, कोकिळा. तिचं लग्न ठरलं तशी पुष्पाबाई अमडापूरला आली. आधी टेकडीवर जाऊन बल्लाळदेवीची ओटी भरली आणि मग भावाच्या ओसरीवर बसून मनातलं बोलली. बाकी हळद दाखव नको दाखव, जेवणावळ राहू दे, रुखवत राहू दे.

"मले फक्त कोकिळेच्या अक्षता पाह्याच्या हायेत," ती म्हणाली. "तीन पोरी उजवल्या अन् एकीच्याबी डोक्यावर तांदूळ पडताना नाई पाह्यला. पाठीमागून पाह्याले तर देवाची ना नसन."

इंद्रभानचे डोळे भरून आले. बहिणीसाठी थोडे आणि पुढच्या कामासाठी जास्त. आक्का, असं काम करतो की जिल्ह्यात झालं नाही, असं तो म्हणाला. कमळ तर देतोच, पण या वेळी दोन हंसांऐवजी चार. पुष्पाबाईनं हंसांचं काही मनावर घेतलं नाही. तिला वाटलं, हंस जेवायच्या वेळी असतील.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. इंद्रभाननं सगळा विचार केला होता. दिवा कुठे, वायर कुठून, बँडवाल्यांनी कुठे थांबायचं. फक्त एक गोष्ट त्या कलावंताच्या ध्यानात राहिली नव्हती. गुरुजींनी अंतरपाट हातात घेतला, इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "नवरीचे मामा कुठं हायेत?"

सगळा मांडव इंद्रभानकडे वळला. इंद्रभाननं सवयीनं मागे वळून पाहिलं, कोण मामा म्हणून.

नवरीला एकच मामा, आणि त्याच्या खांद्यावर कॅमेरा. कॅमेरा निवृत्तीकडे द्यावा तर दिवा कोण धरणार? दुसऱ्या कुणाच्या हाती द्यावा तर तो उलटा धरील. हिंमतराव खालच्या आवाजात म्हणाले, "ठेवा ना बाप्पा ते ढोबळं खाली." पण खाली ठेवलं तर आक्काला दाखवणार काय? मुहूर्त तर कुणासाठी थांबत नाही. शेवटी इंद्रभाननं एका हातानं कोकिळेला धरून आणलं, बोहल्यावर उभं केलं आणि कॅमेरा खांद्यावर तसाच ठेवून तिच्या पाठीशी उभा राहिला. डोक्यावर फेटा, डोळ्याला कॅमेरा. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा मागून एक पोरगं ओरडलं, "मामा, जरा बाजूला." मांडव हसला. मामा हलला नाही. हलता येत नव्हतं.

लग्न लागलं. तिकडे तुळशीला पाणी पडलं. या वेळी जपून.

दुसऱ्या दिवशी इंद्रभाननं एकट्यानं घरी कॅसेट लावून पाहिली आणि त्याचं तोंड उतरलं. नवरीचा चेहरा कुठंच नाही. सगळी पाठ, गजरा आणि मुंडावळ्यांची गाठ. पुढे पांढरा अंतरपाट. मध्येच चित्र खाली गेलं ते पायांवरच राहिलं, कारण तेवढ्यात मामानं बाहीनं डोळे पुसले होते. काचेवर तांदूळ आपटत होते. आणि या सगळ्यावर, मंगलाष्टकांच्याही वर, कुणीतरी मोठमोठ्यानं नाक ओढत हुंदके देत होतं. कॅमेऱ्याचा माईक पुढेच असतो. ज्याच्या खांद्यावर कॅमेरा, त्याचाच आवाज आधी जातो.

इंद्रभान अकोल्याला गेला तो दोन दिवस राहिला. तो सगळा भाग त्यानं झाकून टाकला.

कॅसेट मोताळ्याकडे आली तेव्हा हिंमतरावांच्या ओसरीवर टीव्ही मांडला आणि आळी जमली. पुष्पाबाई नवं लुगडं नेसून पुढे बसली. तिनं टीव्हीला हळदकुंकू लावलं. हळद झाली, रुखवत झालं, वरात आली. मग गुरुजींनी अंतरपाट उचलला आणि सनई सुरू झाली. पडद्यावर कमळ उमललं. कमळात कोकिळा आणि नवरदेव, रिसेप्शनच्या खुर्च्यांवर बसलेले, गरागरा फिरले. डावीकडून दोन हंस आले, उजवीकडून दोन आले, मधोमध भेटले आणि एकमेकांतून आरपार निघून गेले. आकाशातून गुलाब पडले. एक गुलाब नवरदेवाच्या डोक्याएवढा होता. मग एकदम पंगत सुरू झाली.

आळीनं टाळ्या वाजवल्या. एक म्हातारी कमळाच्या पाया पडली. हिंमतराव म्हणाले, काम मानलं पाहिजे. इंद्रभान नम्रपणे जमिनीकडे बघत होता, कलावंत बघतात तसा.

"अक्षता कवा हायेत?" पुष्पाबाईनं विचारलं.

"ह्याच तर होत्या आक्का. फुलं नाई पडली का वरून?"

पुष्पाबाई उठून चहा टाकायला गेली. चहा चांगला झाला होता. पण इंद्रभानला तो काही गोड लागला नाही.

आठवड्यानं ती सकाळच्या बसनं चिखलीवरून अमडापूरला आली. भावजयीनं पाण्याचा तांब्या पुढे केला, तो तिनं बाजूला ठेवला. हे माहेरच्या लोकांना कळतं. पाणी बाजूला ठेवलं म्हणजे बहीण भांडायला आली आहे.

इंद्रभान तेव्हा उद्याच्या लग्नाची तयारी करत होता. नवी कॅसेट कोण आणतो, जुनीवरच नवं लग्न चढवायचं ही धंद्याची पद्धत. त्या पद्धतीनं कोकिळेच्या लग्नाची मूळ कॅसेट कॅमेऱ्यात अर्धी घातलेली होती. उद्या तिच्यावर साखरखेर्ड्याचं एक लग्न बसणार होतं.

"तू काढलं ते दाखव," पुष्पाबाई म्हणाली. "झाकायच्या आधीचं."

ते बघण्यासारखं नाही, असं त्यानं समजावून सांगितलं. हललेलं आहे, अंधुक आहे, चेहरा नाही, आवाज बिघडला आहे. लोक हसतील. आपल्या नावाला बट्टा लागेल.

"काऊन, लोकाइले कोण दाखवून राह्यलं?" ती म्हणाली. "कमळ काय मह्या पोटचं हाय? मले खराबच दाखव."

त्यानं कॅसेट लावली आणि दाराकडे तोंड करून उभा राहिला.

पुष्पाबाई टीव्हीच्या अगदी जवळ सरकली. कोकिळेची पाठ दिसली. मुंडावळ्यांची गाठ सैल होती, पुष्पाबाईचा हात आपोआप पुढे झाला आणि काचेला लागला. तांदूळ पडत होते, खांद्यावर, गजऱ्यात. मग चित्र खाली गेलं, पायांवर. कोकिळा एका पायावर उभी होती. दुसऱ्या पायाचा अंगठा पोटरीला घासत होती. लहानपणी भ्यायली की ती अशी बगळ्यासारखी उभी राहायची. मास्तरांपुढे, डॉक्टरपुढे, बघायला आलेल्या पाहुण्यांपुढे. त्यासाठी पुष्पाबाईनं तिला किती चापट्या मारल्या होत्या त्याला हिशेब नव्हता. भरजरी शालू, हातभर हिरवा चुडा आणि खाली बगळा.

पुष्पाबाई हसली, मग पदर तोंडाला लावला. अंतरपाट खाली आला. बँड वाजला. या वेळी तिला तो तुळशीपुढून ऐकावा लागला नाही.

तिनं पुन्हा लाव म्हटलं. त्यानं लावलं. तिसऱ्यांदा बघताना तिनं कान दिला.

"हा कोण रडून राह्यला एवढा?"

"बँडवाला असन," इंद्रभान दाराकडे बघतच म्हणाला.

"चांगला रडला बिचारा. मही जागा धरली त्यानं," पुष्पाबाई म्हणाली, आणि बाजूला ठेवलेला तांब्या उचलून घटाघटा पाणी प्यायली.

जाताना तिनं ती मूळ कॅसेट पिशवीत टाकली आणि कमळाची काढून भावाच्या हातात ठेवली. ही तुझी तुले राहू दे, हंस चांगले झाले आहेत, असंही म्हणाली. साखरखेर्ड्याच्या लग्नासाठी कलावंताला नवी कॅसेट आणायला चिखली गाठावी लागली.

तिथे दुसऱ्या दिवशी मंगलाष्टकं सुरू झाली आणि नवरीचा मामा ऐन मध्ये येऊन उभा राहिला. रुंद, फेटेवाला. निवृत्ती दिवा धरून वाट बघत होता, आता हाक येईल म्हणून. हाक आली नाही. इंद्रभान कॅमेरा घेऊन मुकाट्यानं बोहल्याला वळसा घालून मामाच्या मागे गेला आणि खांद्यावरून जेवढं दिसलं तेवढं घेतलं.

इंद्रभान सुधारला असं कुणी समजू नये. अकोल्याला तो जातच राहिला आणि हंसांची संख्या वाढत वाढत सहावर गेली. फक्त पुष्पाबाईनं मोताळ्याच्या बाजारात दोघीतिघींना सांगितलं होतं, आणि बाजारात सांगितलेलं जिल्हाभर जायला टपाल लागत नाही. लग्नाचं ठरवायला घरातले पुरुष यायचे, कमळ किती वेळ फिरेल ते विचारून जायचे. ते गेले की मागून नवरीची आई यायची. पदर सावरून, कुणी ऐकत नाही ना बघून, हळूच सांगायची, "भाऊ, लोकाइसाठी कमळाची करा. मले ती खराबवाली द्या."

असल्या मागणीनं कलावंताचा दर वेळी अपमान व्हायचा. तो आठी घालून म्हणायचा, "हाव, देतो."