पूर्वेच्या रिंगची रेघ

आमच्या घरात सुवर्णपदकाची गोष्ट लहानथोरांना पाठ आहे. चार पाव्हणे जमले की मी सुरू होतो, आणि दर वेळी गोष्टीतली माझी उंची बोटभर वाढते. पण ती मी नेहमी श्रीरामपूरच्या स्टेशनावरून सुरू करतो – राज्याच्या बास्केटबॉल संघात निवड झाली, ट्रंक घेऊन गाडीत बसलो, तिथून. त्याआधीचा आठवडा कुणालाच सांगितलेला नाही. बायकोलाही नाही. आता तुम्ही समोर आहात, तर – बसा.

बहात्तरच्या दुष्काळाचं वर्ष. आमचं मैदान मुरमाचं. शिंपडायला पाणी नाही, त्यामुळे वाऱ्यानं रेघा उडायच्या, रोज नव्यानं आखाव्या लागायच्या. ते काम माझं. खेळात मी बेताचाच, पण फक्कीची रेघ सुतात मारायचो. तेवढी एक गोष्ट माझ्यावर सगळे डोळे झाकून सोपवायचे.

रंगनाथ बेलापूरहून सायकलवर यायचा. शेतकऱ्याचा पोर, अंगानं काटक, बोलणं कमी. फ्री थ्रोला तो पूर्वेच्या रिंगसमोर रेघेला अंगठे लावायचा, एकदा वर बघायचा – आणि डोळे मिटायचा. मिटल्या डोळ्यांनी बॉल टाकायचा. जाळीचा तेवढा आवाज यायचा. भर उन्हात बघतानाही मानेवर काटा उभा राहायचा. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "मी कुठं टाकतोय गड्या? रेघ टाकती."

त्या वर्षी आमच्या भागातून संघात एकच जागा उरली होती, आणि उमेदवार दोन – तो आणि मी. निवड करणारे साहेब पुण्याहून येणार होते. मी काय केलं, तुम्ही ओळखलंच असेल. नाही? मग सांगावंच लागेल.

सकाळी मैदान आखताना पूर्वेची फ्री थ्रोची रेघ मी वीतभर मागे मारली. वीतभरच – ही एवढी. साहेबांनी मोजली नाही. मुरमाच्या मैदानावर कोण मोजतो? आणि माझी रेघ कोण मोजणार?

दोघांना वीस-वीस फ्री थ्रो होते. रंगनाथनं पूर्वेची रिंग मागून घेतली, मी पश्चिमेची. त्याचे दोन पडले. बाकीचे रिंगच्या पुढच्या कडेला आपटून परत – ठण्, ठण्. शेवटी त्यानं डोळे उघडले, आणि रिंगकडे नाही, स्वतःच्या हातांकडे बघितलं. माझे अकरा पडले. अकरा म्हणजे काही फार नव्हेत, पण दोनापेक्षा बरे.

सगळे गेल्यावर मी ती रेघ पायानं पुसली, टेप लावून बरोबर मारली. म्हटलं, मिटलं. उद्या याचे पुन्हा पडतील.

दुसऱ्या दिवशी तो आला. अंगठे लावले, डोळे मिटले. रेघ जागेवर होती – मी दोनदा मोजली होती – आणि बॉल वीतभर अलीकडे पडला. पुन्हा. पुन्हा. त्याच जागी. वारा पडलेला, मैदानात आम्ही दोघेच. तो हळूच म्हणाला, "सद्या, माझं कोपर कुनीतरी धरतंय."

तेव्हाच बोलायला हवं होतं ना? मी म्हणालो, "पाणी पी."

मग त्याच्या आईनं मला घरी बोलावून घेतलं. जिवलग मित्र ना मी. तिनं मीठ-मोहऱ्या आणि लाल मिरच्या त्याच्यावरून उतरवल्या – "आल्यागेल्याची, सोयऱ्याधायऱ्याची, मैतराची" म्हणत – आणि चुलीत टाकल्या. दृष्ट लागलेली असली की मिरचीचा ठसका येत नाही, म्हणतात. मिरच्या काळ्या पडल्या, घर धुरानं भरलं, आणि कुणी खोकलं नाही. एक माझ्याखेरीज. मी खोकत उंबऱ्याबाहेर आलो. त्याची आई – मी तिला मावशी म्हणायचो – तांब्या घेऊन मागं आली. "तुला एकट्यालाच बरा लागला रं ठसका," म्हणाली, आणि माझं पिऊन होईस्तोवर माझ्याकडं बघत राहिली.

पुढचं घरच्यांना पाठ आहे. साखळी सामने जिंकलो, उपांत्य जिंकला, अंतिमही. माझं मुख्य काम टॉवेल देणं. अंतिम सामन्यात आमचे दोघं पाच-पाच फाउल होऊन बाहेर गेले, म्हणून मला उतरवलं, आणि नेमके मलाच दोन फ्री थ्रो मिळाले. रेघेला अंगठे लावले. खाली बघतो तर रेघ वीतभर पुढे. सरकलो. पुन्हा बघतो – पुन्हा पुढे. पंचाची शिट्टी वाजली, पहिल्या थ्रोची पाच सेकंदांची वेळ संपली, तो गेला. दुसरा टाकला तो रिंगला लागलाही नाही. सुवर्णपदक बाकीच्या अकरांनी मिळवलं. घरच्या गोष्टीत माझे ते दोन्ही थ्रो पडतात.

तुम्ही म्हणाल, तरुणपणीची चूक. मीही बरीच वर्षं तेच म्हणत होतो. पण थांबा – मला सांगायचं आहे ते पुढेच आहे.

रंगनाथनं पुन्हा बॉल हातात घेतला नाही. शेती केली, संसार केला. वीस वर्षांनी त्याची मुलगी सुमन जिल्ह्याच्या संघात निवडली गेली. तो तिला घेऊन माझ्याकडे आला.

"सदाभाऊ, आमच्या रक्तात ती बाधा हाय. ही ऐकत न्हाई. तुमी मेडलवालं, तुमीच सांगा तिला."

सुमन दाराशी उभी होती. लांब बोटं, बापाचीच. म्हणाली, "काका, बाधा-बिधा काय नसती. त्या दिवशी आन्नांची रेघच चुकलेली आसंल."

रंगनाथ हसला. "सदाभाऊची रेघ? येडी का काय तू."

दोघंही माझ्या तोंडाकडं बघत होती. एक शब्द पुरला असता. आणि मी – बेचाळीस वर्षांचा, शाळांच्या बक्षीस समारंभांचा ठरलेला पाहुणा – म्हणालो, "बापाचं ऐक, बाळ."

तिनं ऐकलं. आता ती सोनईला नांदते. माहेरी आली की आवर्जून माझ्या पाया पडायला येते. मी तिच्या डोक्यावर हात ठेवतो.